धीर धरायचा म्हणजे नेमकं काय धरायचं? मशीहावादी दृष्टीने तनाख वाचायला सुरुवात करताना

मराठीत आपण धीर धरतो, हिंमत धरतो, भाव धरतो. तिन्ही ठिकाणी क्रियापद एकच, हाताने करायचं. हिब्रूतही हे असंच आहे. ‘हझाक’ म्हणजे मजबूत असणं. त्याच धातूचं ‘हेहेझिक’ हे रूप घेतलं की अर्थ होतो घट्ट पकडणं. नीतिसूत्रे ३:१८ मध्ये ज्ञान हे ‘त्याला धरून राहणाऱ्यांना’ जीवनाचं झाड आहे असं म्हटलंय, तिथे हाच धातू आहे. तोराहची, म्हणजे मोशेच्या पाच पुस्तकांची, गुंडाळी वाचून परत पेटीत ठेवताना यहुदी सभास्थानात हीच ओळ गातात.

हे आधी सांगायचं कारण असं, की नवीन वाचक बहुतेकदा उलट अपेक्षा घेऊन येतो. वचन वाचलं की भीती जाईल, असं त्याला वाटतं. आठवडाभर वाचूनही भीती जात नाही, मग तो म्हणतो, माझा विश्वासच कमी आहे. हिब्रू शास्त्रात धैर्य ही मनात आपोआप उमटणारी भावना नाही. भीती असतानाच काहीतरी धरून राहणं, हे धैर्य. काय धरायचं आणि कसं, हे पायरीपायरीने पाहू.

‘मशीहावादी दृष्टी’ म्हणजे काय, तेही स्पष्ट असू द्या. नासरेथचा येशुआ, म्हणजे मराठी शास्त्रातला येशू, हा इस्राएलला वचन दिलेला मशीहा आहे असं मानून, पण इस्राएलची भाषा, सण आणि वाचनाची रीत न टाकता तनाख, म्हणजे हिब्रू शास्त्र, आपला जुना करार, वाचणं. बहुसंख्य यहुदी समाज हे मान्य करत नाही आणि या वाटेला यहुदी धर्म म्हणत नाही. हे सुरुवातीलाच माहीत असलं की पुढे बोलण्यात नम्रता राहते.

जवळ काय ठेवावं

एक मराठी पवित्र शास्त्र, रोज हाताळायचं. शक्य असेल तर तुलनेसाठी पंडिता रमाबाईंचं भाषांतर. त्यांनी ते हिब्रू आणि ग्रीकवरून केलं आणि त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये ते पूर्ण छापून निघालं. मूळ हिब्रू पाठासाठी सेफारिया हे मोफत संकेतस्थळ पुरेसं आहे. शब्दाखाली शब्द दाखवणारं एखादं ॲप घ्या, ज्यात स्ट्राँगचे क्रमांक, म्हणजे प्रत्येक मूळ शब्दाला दिलेले आकडे, असतील. शंभर पानी वही आणि पेन्सिल. एवढंच.

वहीच्या पहिल्या पानावर हे क्रमांक लिहून ठेवा, पुढे सतत लागतील: हझाक २३८८, आमात्स ५५३, आमान ५३९, एमुना ५३०, कावा ६९६०, तिक्वा ८६१५. क्रमांक टाकला की तो शब्द तनाखात जिथे जिथे आलाय त्या सगळ्या जागा समोर येतात. मात्र इथेच एक चूक फार होते. एका शब्दापुढे आठ अर्थ दिलेले दिसले की वाचक आठही अर्थ एकाच वचनात भरतो. शब्दाला वाक्यात एका वेळी सहसा एकच अर्थ असतो. तो आजूबाजूच्या ओळी ठरवतात, यादी नाही.

वेळ रोज पंचवीस मिनिटं. दहा मिनिटं मोठ्याने वाचन, दहा मिनिटं एका शब्दाचा शोध, पाच मिनिटं वहीत लेखन आणि प्रार्थना. यापेक्षा जास्त ठरवलंत तर दुसऱ्या आठवड्यात सुटतं.

हिब्रू अक्षरं बावीस आहेत, त्यांतल्या पाचांचं शब्दाच्या शेवटी रूप बदलतं. रोज दोन अक्षरं घेतली तर अकरा दिवसांत ओळख होते. घोटाळा होतो तो दालेत आणि रेश, बेत आणि काफ, हे आणि हेत या जोड्यांत. हे शास्त्र हाताने उतरवणारे शास्त्रीही जाणून होते. तोराहच्या गुंडाळीत ‘शमा इस्राएल’ (‘हे इस्राएला, ऐक’) या वचनातल्या शेवटच्या शब्दाचा दालेत मुद्दाम मोठा काढतात, कारण तो रेशसारखा वाचला गेला तर ‘एहाद’, म्हणजे एक, याचं ‘अहेर’, म्हणजे दुसरा, होऊन बसेल.

चार अक्षरांचं देवाचं नाव आलं की तिथे ‘अदोनाय’ वाचतात. मराठी शास्त्रात तिथे ‘परमेश्वर’ आहे. तुम्हीही तसंच वाचा. नावाचा उच्चार करून दाखवण्यात काही विशेष श्रद्धा नाही.

वचनांच्या क्रमांकात फरक पडतो, त्याने गोंधळू नका. मराठीत जुन्या कराराची ३९ पुस्तकं, तनाखात तीच २४ म्हणून मोजलेली आणि वेगळ्या क्रमाने लावलेली; शेवटचं पुस्तक इतिहास आहे, मलाखी नाही. अनेक स्तोत्रांचं शीर्षक हिब्रूत पहिलं वचन म्हणून मोजतात, त्यामुळे तिथे पुढचे आकडे एकाने, क्वचित दोनाने सरकतात. योएलचे मराठीत तीन अध्याय, हिब्रूत चार. मलाखीचे मराठीत चार, हिब्रूत तीन. या लेखातले आकडे मराठी शास्त्राप्रमाणे आहेत.

पहिली पायरी: यहोशवा १, आणि तेही ओठांनी

पहिले पाच दिवस फक्त हा अध्याय. १८ वचनं आहेत, तीन-चार मिनिटांत वाचून होतात. ‘खंबीर हो, हिंमत धर’, हिब्रूत ‘हझाक वे-एमात्स’, हे शब्द कुठे कुठे येतात त्याखाली पेन्सिलने रेघ मारा. सहाव्या, सातव्या आणि नवव्या वचनात देव बोलतो. अठराव्यात मात्र तेच शब्द लोक यहोशवाला म्हणतात. सेनापतीला धीर देणारे त्याच्याच हाताखालचे लोक आहेत.

आता सातवं वचन नीट पाहा. तिथे ‘मेओद’, म्हणजे ‘पुष्कळ’, हा शब्द जास्तीचा आहे. यार्देन ओलांडायला हिंमत लागते, लढायला लागते, पण ‘पुष्कळ’ हिंमत लागते ती मोशेने दिलेलं सगळं नियमशास्त्र पाळायला. रणांगणापेक्षा रोजचं आज्ञापालन अवघड मानलंय. कचेरीत खोटी सही करायला नकार देणं हे याच सातव्या वचनातलं धैर्य आहे.

आठव्या वचनात मराठीत ‘मनन’ असं येतं. हिब्रू क्रियापद ‘हागा’. यशया ३१:४ मध्ये शिकारीवर उभा राहून सिंह गुरगुरतो तिथे हेच क्रियापद, आणि यशया ३८:१४ मध्ये पारवा घुमतो तिथेही हेच. म्हणजे डोळे मिटून शांत बसणं नव्हे, पुटपुटणं. आणि ‘हा ग्रंथ तुझ्या मुखातून जाऊ नये’ असं त्याच वचनात आहे. मुखातून, डोळ्यांसमोरून नव्हे. म्हणून मोठ्याने वाचा. लोकलच्या गर्दीत असाल तर ओठ हलवा. मनातल्या मनात वाचणाऱ्याचं लक्ष तिसऱ्या ओळीला घरच्या हिशेबात जातं.

आता मशीहावादी वाचनाचा पहिला धागा. यहोशवाचं मूळ नाव होशेया. मोशेने ते बदललं, गणना १३:१६. पुढे नहेम्या ८:१७ मध्ये, हिब्रूत, त्याच माणसाला ‘येशुआ’ म्हटलंय. ग्रीकमध्ये यहोशवा आणि नासरेथचा येशुआ या दोघांचंही नाव ‘येसूस’. मराठीत एक यहोशवा आणि एक येशू झाल्यामुळे आपल्याला हे दिसत नाही. मोशे ज्या सीमेवर थांबला तिच्यापलीकडे लोकांना नेणारा माणूस या नावाचा होता. इब्री ४:८ वाचताना हे लक्षात असलं की तिथला युक्तिवाद उलगडतो.

दुसरी पायरी: एमुना

‘विश्वास’ म्हटलं की आपल्याला मनाचा कौल आठवतो. ‘एमुना’ आधी हातात दिसते. निर्गम १७:१२ उघडा. अमालेकाशी लढाई चालू आहे, मोशेचे हात जड झाले, अहरोन आणि हूर यांनी दोन बाजूंनी ते धरले, आणि सूर्य मावळेपर्यंत त्याचे हात ‘एमुना’ राहिले, म्हणजे स्थिर. विश्वासाचा शब्द इथे थकलेल्या हातांना लावलाय, आणि ते हात दुसऱ्यांनी धरलेले आहेत. एकट्याने वाचू नका, असं पुढे सांगणार आहोत, त्याचं मूळ इथे आहे.

याच धातूतून ‘आमेन’ आला. उत्पत्ती १५:६ मध्ये अब्रामाने देवावर ‘हेएमीन’ केलं, म्हणजे आपला भार त्याच्यावर टाकला. आणि यशया ७:९ मध्ये दोन राजांच्या धास्तीने हादरलेल्या यहूदाच्या आहाज राजाला यशया म्हणतो, ‘इम लो ताअमिनू, की लो तेआमेनू.’ एकाच धातूचे दोन शब्द. मराठीत हा श्लेष छान उतरतो: भाव धरला नाहीत, तर निभाव लागणार नाही.

या पायरीला तीन दिवस पुरतात.

तिसरी पायरी: स्तोत्र २७, दोन्ही अर्धे

‘परमेश्वर माझा प्रकाश व माझे तारण आहे, मी कोणाची भीती बाळगू?’ एवढी ओळ बहुतेकांना पाठ असते. पण स्तोत्र तिथे संपत नाही. सहाव्या वचनापर्यंत विजयाचा सूर आहे. सातव्यापासून तोच माणूस ‘तू आपले मुख लपवू नको’ म्हणून विनवतो. भिंतीवरच्या कॅलेंडरात पहिला अर्धा येतो, दुसरा येत नाही. दोन्ही मिळून वाचा, रोज, किमान आठवडाभर. अश्केनाझी, म्हणजे मध्य आणि पूर्व युरोपातल्या यहुद्यांच्या, प्रथेत एलूल या हिब्रू महिन्याच्या सुरुवातीपासून सुक्कोतच्या, म्हणजे मंडपांच्या, सणाच्या अखेरीपर्यंत हे स्तोत्र दररोज म्हणतात.

तेराव्या वचनाचा पहिला हिब्रू शब्द ‘लुले’, म्हणजे ‘जर नसतं तर’. जुन्या शास्त्र्यांनी या शब्दावर टिंबं दिली आहेत, हिब्रू पाठात ती आजही दिसतात. वाक्यही अर्धवट आहे: जिवंतांच्या भूमीत परमेश्वराचं चांगुलपण पाहीन असा भाव मी धरला नसता तर... पुढे काय झालं असतं, ते लिहिलेलं नाही. भाषांतरांत ती जागा भरून काढतात. तुम्ही वहीत ते वाक्य अपूर्णच उतरवा आणि खाली आपल्या शब्दांत पुरं करा. या पूर्ण अभ्यासात सर्वांत उपयोगी लेखन हे ठरतं.

चौदाव्या वचनात पुन्हा हझाक आणि आमात्स भेटतात, पण दोन ‘कावा’च्या मध्ये: परमेश्वराची वाट पाहा, खंबीर हो, तुझं हृदय धीर धरो, परमेश्वराची वाट पाहा. ‘कावा’वरून आशेचा शब्द ‘तिक्वा’ येतो. आणि यहोशवा २:१८ मध्ये राहाब खिडकीला जी किरमिजी दोरी बांधते, तिलाही हिब्रूत ‘तिक्वा’च म्हटलंय. आशा आणि दोरी, एकच शब्द. पुन्हा धरण्याचीच गोष्ट.

चौथी पायरी: शरीर थकलेलं असताना

१ शमुवेल ३० आणि १ राजे १९ हे दोन अध्याय पाठोपाठ वाचा. दावीद राहत होता ते सिकलाग गाव जळालेलं, बायकामुलं पळवून नेलेली, आणि सोबतचे लोक दावीदालाच दगडमार करायच्या गोष्टी बोलतायत. सहाव्या वचनात ‘वय्यिथहझेक’ असं क्रियापद आहे: त्याने स्वतःला आपल्या देवाच्या ठायी खंबीर केलं. हझाकचंच आत्मवाचक रूप. त्याच्या आधी काय आहे ते सोडू नका: रडण्याची ताकद संपेपर्यंत ते रडले, चौथं वचन. नंतर काय आहे तेही पाहा: अब्याथार याजकाकडून एफोद, म्हणजे याजकाचं वस्त्र, मागवून त्याने आधी देवाला विचारलं, मग निघाला. ६०० जणांपैकी २०० बसोर ओढ्यापाशी थकून थांबले, आणि लुटीत त्यांनाही सारखाच वाटा मिळाला. थकलेल्याला वाटा नाकारायचा नाही, हा त्या दिवशी नियमच झाला.

एलीया तर मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू. तो खातो, झोपतो. पुन्हा भाकर, पुन्हा पाणी. मग चाळीस दिवसांची वाट, आणि त्यानंतर कुठे तो मंद, बारीक आवाज. ज्याची झोप उडाली आहे, अन्न जात नाही, त्याने हा क्रम उलटा करू नये. आठवडेच्या आठवडे असंच चाललं असेल तर डॉक्टरांकडेही जावं. भाकर आणि झोप ही देवाचीच देणगी म्हणून या अध्यायात आली आहे.

कोकणातल्या बेने इस्राएल समाजात एलियाहू हानावीचं, म्हणजे संदेष्टा एलीयाचं, स्थान किती मोठं आहे, हे रायगडकडच्या वाचकांना ठाऊक असेल. नवस फेडताना, शुभकार्यात ते मलिदा करतात: पोहे, ओलं खोबरं, गोड, फळं, आणि एलीयाच्या नावाचं गाणं. मराठी बोलणारं हे यहुदी घर आपल्या अंगणातलं आहे. हिब्रू शेजारी मराठी ठेवून छापलेली त्यांची हग्गादा, म्हणजे वल्हांडणाच्या रात्री वाचायचं पुस्तक, मुंबईत १८४६ साली निघाली. त्यांच्या सभास्थानाला भेट द्यायची असेल तर आधी परवानगी घ्या, ओळखपत्र न्या, डोकं झाका. आणि मशीहाबद्दल वाद घालायला मुळीच जाऊ नका. ऐकायला जा.

पाचवी पायरी: हबक्कूक, एका बैठकीत

तीन अध्याय, ५६ वचनं, मोठ्याने वाचायला दहा-बारा मिनिटं. संदेष्टा देवाकडे तक्रार करतो, उत्तर ऐकून आणखी हादरतो, बुरुजावर उभा राहून वाट पाहतो. २:४ मध्ये ते प्रसिद्ध वचन: नीतिमान आपल्या एमुनाने जगेल. तालमूदात, म्हणजे यहुदी शास्त्र्यांच्या चर्चांच्या ग्रंथात, मक्कोत या भागाच्या २४अ पानावर, तोराहच्या ६१३ आज्ञा हबक्कूकाने या एकावर आणल्या असं म्हटलंय. पौल रोमकरांस १:१७ आणि गलतीकरांस ३:११ मध्ये हेच उचलतो. नव्या वाचकाची चूक अशी, की पौलाच्या पत्रातला वाद तो हबक्कूकात घुसवतो. आधी खास्दी, म्हणजे बाबेलचं, सैन्य येतंय या भीतीत हे वचन वाचा. एमुना इथे म्हणजे उत्तर दिसत नसतानाही जागा न सोडणं. मग पौलाकडे जा. त्याचं म्हणणं जास्त खोल लागतं.

शेवटी ३:१६ आणि ३:१८ शेजारी शेजारी लिहा. सोळाव्यात पोट थरथरतंय, ओठ कापतायत. अठराव्यात तो ‘माझ्या तारणाच्या देवामध्ये’ उल्हासतो. मधल्या वचनात अंजीर नाही, द्राक्ष नाही, गोठ्यात गुरं नाहीत; परिस्थिती तसूभरही बदललेली नाही. ‘तारण’ इथे ‘येशा’, येशुआ या नावाच्याच धातूतला. हे पाहून आनंद होणं साहजिक आहे, पण तनाखात जिथे ‘येशुआ’ हा सामान्य शब्द येतो तिथे प्रत्येक वेळी नावच लपलंय असं सांगत सुटू नका. धातू एक असणं वेगळं, भविष्यवाणी असणं वेगळं. एखादा हिब्रू जाणणारा भेटला की असा दावा एका वाक्यात पडतो, आणि त्याबरोबर तुमचं बाकीचं बोलणंही.

सहावी पायरी: मशीहाकडे

हा भाग पाचव्या आठवड्याआधी घेऊ नये, असं आमचं ठाम मत आहे. बरेच जण यशया ५३ पासून सुरुवात करतात, तेही येशूच मशीहा असल्याचा पुरावा म्हणून. पुरावा गोळा करणाऱ्याच्या हाती वाद जिंकल्याचं समाधान लागतं, धीर नाही.

यशया ४१ पासून ५३ पर्यंत ‘सेवक’ हा शब्द जिथे येतो तिथे खूण करा. ४१:८ मध्ये सेवक म्हणजे इस्राएल, स्पष्ट. ४९:३ मध्येही इस्राएल. पण लगेच ४९:५-६ मध्ये तोच सेवक इस्राएलाला परत आणायला पाठवला जातो. राष्ट्र स्वतःलाच कसं परत आणेल? मशीहावादी वाचन इथे उभं राहतं: इस्राएलातलाच एक, इस्राएलचं सगळं ओझं अंगावर घेऊन. मग ५२:१३ पासून ५३:१२ पर्यंत एका दमात वाचा.

दोन गोष्टी ऐकायला मिळतील, दोन्हींपासून सावध राहा. एक, ‘हा अध्याय यहुद्यांनी वाचनातून काढून टाकला.’ वार्षिक हफ्तारांत, म्हणजे सभास्थानात तोराहनंतर वाचायच्या उताऱ्यांत, ५२:१२ पर्यंतचा भाग आणि पुढे ५४ येतो, मधला येत नाही, हे खरं. पण हफ्तारांत संदेष्ट्यांचे निवडक उतारेच असतात, बराच मोठा भाग येत नाही. दुसरी, ‘सेवक म्हणजे इस्राएल हा अर्थ राशी या यहुदी भाष्यकाराने अकराव्या शतकात काढला.’ तिसऱ्या शतकात ओरिगेन या ख्रिस्ती विद्वानाने आपल्याला यहुद्यांकडून हाच अर्थ ऐकायला मिळाल्याचं लिहून ठेवलंय. उलट बाजूने, योनाथानाच्या तार्गूमात, म्हणजे जुन्या अरामी भाषांतरात, ५२:१३ ला ‘माझा सेवक मशीहा’ असं आहे. दोन्ही वाचनं जुनी आहेत.

५३:११ पाशी थांबा. रूढ हिब्रू पाठात ‘तो पाहील’ एवढंच आहे. १९४७ मध्ये मृत समुद्राजवळ कुमरानच्या गुहेत सापडलेल्या, सात मीटरांहून लांब यशयाच्या गुंडाळीत ‘तो प्रकाश पाहील’ असं आहे. जुन्या ग्रीक भाषांतरातही प्रकाश आहे. स्तोत्र २७ ची पहिली ओळ आठवा. दुःख भोगलेल्या सेवकालाही शेवटी तोच प्रकाश.

स्तोत्र २२ चं तसंच. येशुआने वधस्तंभावर त्याची पहिली ओळ उच्चारली, मत्तय २७:४६. पण स्तोत्र २२ व्या वचनापासून वळतं आणि मंडळीत स्तवनाकडे जातं. इब्री २:१२ ने नेमकं तेच वचन उचललंय. पूर्ण वाचा. १६ व्या वचनातल्या ‘विंधले’ या शब्दावर मात्र सगळा भार टाकू नका. रूढ हिब्रू पाठात तिथे ‘सिंहासारखे’ असं वाचतात, आणि पाठभेदाचा तो वाद जुना आहे. स्तोत्र त्या एका शब्दाशिवायही उभं राहतं.

वचन कोणाला दिलंय ते विचारा

यिर्मया २९:११, ‘तुमच्याविषयीचे संकल्प’ असलेलं वचन, मराठी घरांत पुष्कळ ठिकाणी लावलेलं असतं. त्याच्या वरचं दहावं वचन वाचा: बाबेलात ७० वर्षं. ज्यांनी ते पत्र प्रथम ऐकलं त्यांतले बरेच जण परतीआधीच वारले असणार. त्यांना मिळालेला धीर होता तो घरं बांधा, बागा लावा, त्या नगराच्या भल्यासाठी प्रार्थना करा, असा. पुढच्या महिन्यात नोकरी लागेल असं हे वचन सांगत नाही.

वचन इस्राएलला दिलेलं, मग मराठी माणसाने ते कसं धरावं? रोमकरांस ११ मध्ये पौल रानजैतुनाची फांदी कलम केल्याचं उदाहरण देतो. कलमाला मुळाचा रस मिळतो. पण अठराव्या वचनातच बजावलंय, मूळ फांद्यांपुढे फुशारकी मारू नको; तू मुळाला धरलेलं नाहीस, मुळाने तुला धरलंय.

पुढे कसं चालू ठेवायचं

सहा पायऱ्या सहा-सात आठवड्यांत होतात. त्यानंतर पाराशाला, म्हणजे तोराहच्या त्या आठवड्याच्या भागाला, जोडून घ्या. वर्षभरात तोराहचे ५४ भाग, सोबत हफ्तारा. एक जोडीदार ठेवा, हव्रुता. आठवड्यातून एकदा पाऊण तास, फोनवरही चालतं: एकाने वचन वाचायचं, दुसऱ्याने फक्त प्रश्न विचारायचे, मग उलट. रात्री झोपताना शमा, अनुवाद ६:४, हिब्रूत आणि मराठीत. येशुआने पहिली आज्ञा म्हणून हीच सांगितली, मार्क १२:२९; आणि कोकणात शतकानुशतकं ग्रंथ हाती नसतानाही बेने इस्राएलांच्या ओठांवर हीच टिकली.

मधे चार दिवस सुटले तर भरून काढायला जाऊ नका, चालू आठवड्याच्या भागात या. सिम्हत तोराहच्या, म्हणजे तोराहच्या आनंदाच्या सणाच्या, दिवशी अनुवादाचा शेवट वाचून त्याच बैठकीत उत्पत्ती सुरू करतात, आणि त्या दिवसाची हफ्तारा असते यहोशवा १. वही तिथे नव्याने उघडा आणि गेल्या वर्षीच्या रेघा शेजारी ठेवून पुन्हा सातव्या वचनापासून बघा.